बारा धड्यांचा शिष्यत्व कोर्स : एकदा शिकले, दोनदा शिकवला

आधी सांगते हा कोर्स नक्की काय आहे, कारण शिष्यत्वाचं पुस्तक म्हटलं की बऱ्याच जणांना बाप्तिस्म्याआधीचे क्लासच आठवतात. हे तसं नाही. दोन पुस्तिका मिळतात, एक शिकणाऱ्याची, एक मार्गदर्शकाची, बारा धडे, आठवड्यातून एक भेट साधारण तासभराची, आणि भेटायचं दोघांनीच, एक जुना विश्वासणारा आणि एक नवीन. ग्रुपमध्ये करायचा कोर्स नाही हा. धडे नेहमीचेच आहेत, तारणाची खात्री, प्रार्थना, वचनपाठ, पवित्र आत्मा, सहभागिता, क्षमा, मोह, देणं, साक्ष वगैरे. सोबत पाठांतराची कार्डं, प्रत्येक धड्याला दोन म्हणजे एकूण २४ वचनं, आणि मोबाईलवर ऐकायला ऑडिओ. नाव मुद्दामच लिहीत नाहीये कारण याच साच्याची पुस्तकं खूप मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, चालतात आणि मला जे सांगायचंय ते त्यातल्या बहुतेकांना लागू पडेल.

मी हा कोर्स आधी स्वतः शिकणारी म्हणून केला, नंतर दोन जणींसोबत मार्गदर्शक म्हणून बसले. त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहू शकते.

प्रत्येक धड्याचे तीन भाग आहेत. वाचा, लिहा, करा. "वाचा"मध्ये वचनांचे संदर्भ, "लिहा"मध्ये रिकाम्या जागा आणि प्रश्न, आणि "करा"मध्ये या आठवड्यात तुम्ही काय करणार ते लिहायचं. आता गंमत नाही, खरंच वाईट वाटतं सांगताना की "लिहा"ला साडेतीन चार पानं आहेत आणि "करा"ला पानाच्या अगदी तळाशी दोन ओळी. फक्त दोन! आणि या अख्ख्या कोर्समधली सगळ्यात मोलाची जागा तीच आहे. माझा पूर्ण रिव्ह्यू खरं म्हणजे त्या दोन ओळींबद्दलच आहे.

मला ज्या ताईंनी शिकवलं त्यांच्यामुळे हे कळलं. त्या फार शिकलेल्या वगैरे नाहीत, स्टेजवरून कधी बोलत नाहीत. क्षमेच्या धड्याला आम्ही बसलो तेव्हा मी सगळ्या रिकाम्या जागा भरून नेल्या होत्या, वचनं पाठ होती, आणि त्यांनी माझी पुस्तिका बघितलीच नाही. म्हणाल्या आधी माझ्यासाठी प्रार्थना कर, मी कामावरच्या एकीला सगळ्यांसमोर टाकून बोललेय आणि मला तिची माफी मागायचीय पण जीभ उचलत नाहीये. मी तर गप्पच झाले. आपल्याला शिकवणारं माणूस आपल्याकडे प्रार्थना मागतंय हे मी त्याआधी बघितलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या माफी मागितली, तिने ऐकून घेतलं आणि काही न बोलता निघून गेली, अजून बोलत नाही, पण मी परत प्रयत्न करणार. एवढंच. कसलाही गोड शेवट नाही. तरी क्षमा म्हणजे काय हे मला त्या दोन आठवड्यांत जेवढं कळलं तेवढं त्या चार पानांत कळलं नव्हतं.

प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात लिहितो की मी जसा ख्रिस्ताचं अनुकरण करतो तसं तुम्ही माझं करा (१ करिंथ ११:१). हे वाक्य मला आधी फार मोठेपणाचं वाटायचं, असं कोण कसं म्हणू शकतं. ताईंसोबत बसल्यावर कळलं की ते म्हणायला आपलं आयुष्य दुसऱ्याला आतून बघू द्यावं लागतं, पडलो तेव्हाचं पण. थेस्सलनीकाकरांना तर तो सरळ लिहितो की आम्ही तुम्हाला नुसती सुवार्ताच नाही, आमचा जीवही द्यायला तयार होतो, आणि त्याच अध्यायात स्वतःला आधी बाळाला जपणाऱ्या आईची उपमा देतो आणि थोडं पुढे बापाची. मार्क ३:१४ पण बघा, येशूने बारा जणांना नेमलं ते आधी "आपल्याजवळ राहावं" म्हणून आणि मग पाठवावं म्हणून. क्रम तसा आहे. शिष्य या अर्थी नव्या करारात जो ग्रीक शब्द आहे, मॅथेटेस, त्याचा अर्थच शिकणारा असा होतो आणि त्या काळी शिकायचं म्हणजे गुरूच्या मागेमागे चालायचं, त्याच्यासोबत राहायचं. आपण मात्र शिकणं म्हणजे वही असंच धरून बसतो.

मार्गदर्शकाच्या पुस्तिकेत ही गोष्ट एका पॅराग्राफमध्ये आहे, पान ३ वर, मी स्वतः शिकवायला घेतलं तेव्हा तो वाचून सरळ पुढे गेले. आता पुढचं मनापासून लिहितेय.

पहिली मुलगी जिच्यासोबत मी बसले ती खूप हुशार. एकही भेट चुकवली नाही, २४ च्या २४ वचनं संदर्भासकट पाठ, अक्षर सुंदर, मला तर वाटायचं प्रभू काय छान काम करतोय. क्षमेच्या धड्यात एक प्रश्न आहे, तुम्ही सर्वांना क्षमा केली आहे का, आणि पुढे होय नाही. तिने होय वर खूण केली होती, मी शेजारी टिक केली. बारा धडे झाले, सर्टिफिकेट मिळालं, मंडळीत उभं राहून तिने साक्ष दिली. नंतर काही महिन्यांनी कुणाकडून तरी सहज कळलं की ती तिच्या सख्ख्या बहिणीशी दोन वर्षं बोलत नव्हती, म्हणजे आम्ही दोघी क्षमेवर बोलत होतो तेव्हासुद्धा. मी रात्रभर झोपले नाही. तिच्यावर राग आला म्हणून नाही, मी तीन महिने दर आठवड्याला तिच्यासमोर बसले आणि तुझ्या घरी कोण कोण आहे, कसं चाललंय एवढं साधं विचारलं नाही म्हणून. माझा सगळा वेळ धडा पूर्ण करण्यात गेला होता.

मत्तय २८ च्या शेवटी प्रभूने जी आज्ञा दिली ती नीट वाचा, आम्ही ती इतकी ऐकलेली असते की एक शब्द सुटतोच. जे काही मी तुम्हाला आज्ञापिलं ते शिकवा असं नाहीये तिथे, ते पाळायला शिकवा असं आहे. पाळलं की नाही हे रिकामी जागा भरून कसं कळणार?

सुरुवातीच्या मंडळीला हे माहीत होतं. साधारण तिसऱ्या शतकातला मानला जाणारा एक जुना दस्तऐवज आहे, मंडळीचे नियम सांगणारा, त्यात लिहिलंय की बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांनी ३ वर्षं वचन ऐकावं, पण एखादा मनापासून झटत असेल तर वेळ बघू नये, वागणूक बघावी. आणि बाप्तिस्म्यासाठी निवडताना काय विचारायचं तर हा विधवांचा मान राखत होता का, आजाऱ्यांना भेटायला जात होता का, चांगली कामं करत होता का, आणि हे त्या माणसाला नाही, त्याला घेऊन आलेल्या माणसांना विचारायचं! म्हणजे घेऊन येणाऱ्याला ते माहीत असायलाच हवं. मला कुणी त्या मुलीबद्दल असं विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिच्याशी मी नंतर बोलले, माफी पण मागितली. आम्ही परत तो क्षमेचा, सहावा धडा काढला, पुस्तिका न उघडता. तिच्या बहिणीचं पुढे काय झालं ते तिचं आहे, इथे लिहिणार नाही.

दुसऱ्या मुलीच्या वेळी मी एक साधी गोष्ट केली. प्रत्येक धड्याच्या "करा"च्या खाली एक कोरा कागद चिकटवला आणि भेटीची सुरुवातच तिथून करायची ठरवली, मागच्या आठवड्यात काय करायचं ठरलं होतं, झालं का, नाही झालं तर काय आडवं आलं, आणि आधी मी माझं सांगायचं मग तिने. बस. धडा नंतर. यामुळे बारा आठवड्यांचा कोर्स आम्हाला अकरा महिने लागला, चौथा धडा एकटाच पाच आठवडे चालला आणि मंडळीत एक दोघांनी विचारलं पण की एवढा वेळ का लागतोय.

चौथ्या धड्याला का वेळ लागला ते सांगते (तिला विचारून लिहितेय). ती हिशेबाचं काम करते आणि तिचे साहेब तिला खोटी बिलं लावायला सांगायचे, सगळेच करतात अशा थाटात. धडा होता ख्रिस्तात नवीन जीवन, प्रश्न होता कोणत्या जुन्या सवयी सोडल्या, आणि तिने लिहिलं होतं राग, टीव्ही. कोऱ्या कागदामुळे तिसऱ्या आठवड्यात ते बिलांचं बाहेर आलं, आणि ते सुद्धा मी माझ्या एका खोटेपणाबद्दल बोलले तेव्हा. मग काय करायचं? माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, तिला नोकरीची गरज होती. आम्ही लूक ३ वाचला. तिथे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोक विचारतात आम्ही काय करावं, आणि तो प्रत्येकाला त्याच्या त्याच्या कामातलं उत्तर देतो, दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदारांनी ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी कुणाला धमकावून पैसे उकळू नयेत, आपल्या पगारात समाधान मानावं. त्याने जकातदाराला नाका सोडून वाळवंटात ये म्हटलं नाही. तिला हे एकदम लागलं. तिने दोन आठवडे प्रार्थना केली, मी रोज सकाळी त्याच वेळी तिच्यासाठी केली, आणि मग तिने साहेबांना नम्रपणे सांगितलं की बाकी सगळं काम करेन, हे माझ्याकडून होणार नाही. तिला त्या टेबलावरून हलवलं, दुसरं काम दिलं, जरा कमीपणाचंच. ती रडली. पण मला म्हणाली ताई रात्री पहिल्यांदा शांत झोप लागली. असं काही झालं की वाटतं हा कोर्स हजार वेळा करावा.

एक जुनी गोष्ट इथे आठवते. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा इंग्रज प्रचारक जॉन वेस्ली, त्याच्या मंडळ्यांमध्ये १७४२ साली इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये इमारतीचं कर्ज फेडायचं होतं, तेव्हा ठरलं की बारा बारा जणांमागे एक माणूस नेमायचा आणि त्याने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची. हे लोक पैशासाठी घरोघरी जायला लागले आणि त्यांना दिसलं की कुणी पितोय, कुणाच्या घरात भांडणं आहेत, कोण खचलंय. वेस्लीने ते ऐकलं आणि त्यातूनच क्लास मीटिंग सुरू झाल्या, एकमेकांच्या आत्म्याची विचारपूस करणाऱ्या. निघाले होते पैशाला आणि हाती लागली माणसं! कारण ते घरी गेले. म्हणून माझं म्हणणं आहे की मार्गदर्शकाच्या पुस्तिकेत निदान तीन भेटी शिकणाऱ्याच्या घरी किंवा त्याच्या रोजच्या जागी घ्या असं ठळक लिहायला हवं.

आता ज्या गोष्टी मला पटल्या नाहीत.

दहावा धडा, अधीनता. त्यात एक वाक्य आहे, मार्गदर्शकाला विचारल्याशिवाय कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. हे मला साफ चुकीचं वाटतं आणि धोक्याचंही. सल्ला घ्या, जरूर घ्या, पण नवीन विश्वासणाऱ्याच्या लग्नाचा, नोकरीचा, पैशाचा निर्णय माझ्या हातात यायला लागला तर तो माझा शिष्य होईल, प्रभूचा नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात मेंढपाळ चळवळ म्हणून एक मोठी लाट आली होती, प्रत्येकाने एका मेंढपाळाच्या अधीन राहायचं, त्याच्या परवानगीने चालायचं, त्यात इतकी माणसं दुखावली गेली की नंतर तिच्या पुढाऱ्यांपैकी एकाने जाहीर माफी मागितली. आणि सुरुवात त्यांनी चांगल्या हेतूनेच केली होती. बिरुयाच्या लोकांचं कौतुक कशासाठी झालंय ते बघा, पौलाने सांगितलेलंसुद्धा ते रोज शास्त्रात शोधून बघायचे असंच आहे की नाही यासाठी (प्रे. कृत्ये १७:११). मी दोघींनाही त्या वाक्यावर पेनाने रेघ मारायला सांगितली आणि शेजारी हा संदर्भ लिहायला लावला. जे कुणी हा कोर्स घेणार असतील त्यांनी हा धडा पाळकांसोबत आधी बसून वाचावा असं मी कळकळीने सांगेन. आणि शिकणारी व्यक्ती जे सांगते ते प्रार्थनेचा विषय म्हणून चार लोकांत सांगायचं नाही, याबद्दल पुस्तिकेत एक अक्षर नाही, ते असायला हवं होतं. कुणाच्या जिवाला किंवा अंगाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा योग्य माणसाची मदत घ्यायलाच हवी.

दुसरी कमी म्हणजे शंका आणि दुःख यावर एकही धडा नाही. बाराही धडे असं धरून चालतात की शिकणारा पुढेपुढेच जातोय. दुसऱ्या मुलीचे वडील आमच्या सातव्या धड्याच्या वेळी गेले आणि तिने मला विचारलं की आपण इतकी प्रार्थना केली मग ऐकली का नाही. सातवा धडा होता उत्तर मिळालेल्या प्रार्थना! मी पुस्तिका बंद केली. आम्ही जवळजवळ दोन महिने फक्त स्तोत्रं वाचली, त्यातही ८८ वं स्तोत्र, जे अंधारातच संपतं, शेवटी कुठेही आता सगळं ठीक आहे असं येत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, देवाशीच बोलत आहे. स्वतः बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने तुरुंगातून निरोप पाठवला होता की येणारा तो तूच का आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी, आणि प्रभू त्याच्यावर चिडला नाही, उलट लोकांसमोर त्याची थोरवी सांगितली. एवढं मोठं साहित्य हाताशी असताना धडा का नाही हे मला समजत नाही. त्या दोन महिन्यांत मी खूप कमी बोलले, बऱ्याचदा नुसती तिच्याजवळ बसून राहिले.

तिसरं, शेवटच्या धड्यात म्हटलंय की कोर्स संपल्यापासून ३० दिवसांत तुम्हीही एक जण शोधा आणि शिकवायला लागा. यामागचं वचन २ तीमथ्य २:२ आहे, पौलाकडून तीमथ्याला, तीमथ्याकडून विश्वासू माणसांना, त्यांच्याकडून आणखी दुसऱ्यांना, म्हणजे एका वचनात चार पिढ्या, आणि हे चित्र मला फार आवडतं, शिष्यत्व आपल्यापाशी थांबत नाही हे शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून कळायला हवं. पण तारीख ठरवून नाही. माझी पहिली मुलगी ३० दिवसांत शिकवायला लागली होती आणि तिनेही टिक करायलाच शिकवलं असणार, माझ्याकडून तेच बघितलं ना तिने.

याच्यावर मला सुरुवातीच्या मंडळीतल्या बर्णबाचं उदाहरण धीर देतं. शौलाला (म्हणजेच पौलाला) यरुशलेमात कुणी जवळ करायला तयार नव्हतं तेव्हा त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला तो बर्णबा, नंतर तार्सला जाऊन त्याला शोधून अंत्युखियाला आणलं आणि दोघांनी वर्षभर मंडळीत मिळून शिकवलं, शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा पडलं ते त्याच गावात. आणि मग त्या दोघांसोबत सुवार्तेच्या प्रवासाला निघालेला योहान मार्क अर्ध्या वाटेतून परत गेला, पौल म्हणाला याला पुन्हा नको, त्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला. त्या प्रवासात बर्णबाने त्याला काय शिकवलं यावर कुठे एक ओळ नाही. पण वर्षांनंतर पौलच लिहितो, मार्कला सोबत घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. कुणी ३० दिवस मोजले नव्हते.

ऑडिओ चांगला आहे, आवाज स्वच्छ, वचनं जुन्या भाषांतरातली असल्याने नवीन माणसाला थोडी जड जातात, सोपं भाषांतर शेजारी ठेवा. पाठांतराची कार्डं उत्तम, दुसरी मुलगी वडील दवाखान्यात असताना तीच खिशात घेऊन फिरत होती. सर्टिफिकेट नसतं तरी चाललं असतं.

घ्यावा का? ज्यांच्याकडे एका माणसासाठी वर्षभर वेळ आहे त्यांनी जरूर घ्यावा, वचनांची निवड आणि क्रम खरंच विचारपूर्वक केलाय, पाचपैकी साडेतीन तारे. ज्यांना एका सीझनमध्ये वीस जण "पूर्ण" करायचे आहेत त्यांना मी हात जोडून सांगेन की याला हात लावू नका. नवीन असाल आणि कुणी शिकवणारं नसेल तर एकट्याने भरत बसू नका, पाळकांना सांगा, मंडळीतल्या एखाद्या साध्या, प्रार्थना करणाऱ्या माणसाकडे स्वतःहून जा, त्यांना येत नाही म्हणाले तरी विचारा, माझ्या ताईपण आधी नाहीच म्हणाल्या होत्या.

छापणाऱ्यांना मी पत्र लिहिलंय. दहाव्या धड्यातलं ते वाक्य काढा, शंकेवर एक धडा घाला, आणि "करा"ला दोन ओळींऐवजी एक पूर्ण पान द्या, वर शिकणाऱ्यासाठी जागा आणि खाली मार्गदर्शकासाठी. अजून उत्तर आलेलं नाही. तोपर्यंत मी कोरे कागद कापून ठेवलेत, येत्या महिन्यात तिसऱ्या मुलीसोबत बसायचंय आणि यावेळी पहिल्या भेटीला पुस्तिका नेणारच नाहीये, नुसतं तिच्याकडे जाऊन बसणार आहे.